१८१८ चा दसरा : नोकरी गेलेल्या शिलेदारांचे पुढे काय झाले?

११ फेब्रुवारी १८१८. साताऱ्याचा किल्ला आदल्याच दिवशी इंग्रजांच्या हाती पडला होता. त्या दिवशी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने एक जाहीरनामा काढला. बाजीरावाचे राज्य कंपनी सरकारने घेतले, साताऱ्याच्या छत्रपतींसाठी काही मुलूख राखून ठेवला, कोणाच्या धर्मात हात घालणार नाही, असा त्याचा सर्वसाधारण आशय. शाळेच्या पुस्तकात बहुधा एवढेच येते.

त्याच जाहीरनाम्यात आणखी एक बाब आहे आणि आजचा धागा तिच्याविषयी आहे. बाजीरावाच्या चाकरीत जे कोणी असतील त्यांनी दोन महिन्यांच्या आत ती सोडून आपापल्या घरी परतावे. जो परतेल त्याचे वतन, इनाम, वर्षासन कायम राहील. जो परतणार नाही त्याचे वतन जाईल.

मजकूर पुन्हा एकदा वाचा. नोकरी सोडण्याचा हा हुकूम आहे. त्यात मुदत आहे, आमिष आहे, धमकीही आहे. आणि हुकूम काढणारा त्या चाकरांचा धनी नाही, धन्याचा शत्रू आहे. धनी त्या वेळी पाठलाग चुकवत मुलूखभर फिरत होता.

मित्रहो, खडकी, कोरेगाव आणि आष्टी या लढायांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या लढायांनंतर ज्यांची रोजीरोटी गेली ते शिलेदार, बारगीर, गडकरी, कारकून, भिक्षुक यांच्याविषयी मात्र आपण क्वचितच विचारतो. नोकरी जाणार याची त्यांनी काही तयारी केली होती का? आणि ती गेल्यावर ते कशाच्या आधाराने जगले? सध्या नोकरकपातीच्या बातम्या रोज कानावर येत असताना हा प्रश्न केवळ कुतूहलाचा राहत नाही.

प्रथम नोकरीचे स्वरूप पाहू. मराठी फौजेतील घोडेस्वार दोन प्रकारचे. बारगिराला घोडा सरकारातून किंवा सरदाराकडून मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीला येई. त्यामुळे शिलेदाराचा मान अधिक, पगारही अधिक. मात्र घोडा हे त्याचे भांडवल असले तरी ते रोज दाणावैरण खाणारे भांडवल होते. चाकरी असेल तर घोडा कमावून आणी, चाकरी नसेल तर तोच घर खाई. आजच्या भाषेत, हप्त्यावर गाडी घेऊन ती कंपनीला भाड्याने देणाऱ्याची जी स्थिती, तीच शिलेदाराची.

स्वारीला निघण्यापूर्वी त्याला ‘नालबंदी’ मिळे. नाव नालांचे असले तरी ती तयारीच्या खर्चाची उचल असे. चाकरीच्या काळात ‘रोजमुरा’ मिळे, म्हणजे पोटापुरती रक्कम. उरलेल्या पगाराचा हिशेब मागाहून होई, आणि हे ‘मागाहून’ वर्षानुवर्षे लांबे. थकबाकी हा त्या नोकरीचा अपवाद नव्हता, नित्याचा भाग होता. म्हणून तर तगादा आणि धरणे या गोष्टी मराठी छावणीत रुजल्या. पगार थकलेले शिपाई सरदाराच्या किंवा दिवाणाच्या दारात ठाण मांडून बसत. स्वतः जेवत नसत, आतल्यालाही जेवू देत नसत. थॉमस ब्रॉटन या इंग्रज अधिकाऱ्याने १८०९ मध्ये दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून लिहिलेल्या पत्रांत अशा धरण्यांची वर्णने आहेत. आज आपण मंत्रालयासमोर ‘धरणे धरतो’ तो शब्द त्या जुन्या प्रथेतूनच आला आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. ही चाकरी परंपरेने ऋतूची होती. दसऱ्याला सीमोल्लंघन करायचे, स्वारीवर निघायचे आणि पावसाळ्याच्या तोंडावर परत यायचे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात स्वाऱ्या लांबल्या, उत्तरेत बारमाही छावण्या पडल्या, कवायती पलटणी आणि अरबांच्या तुकड्या आल्या, तरी दख्खनच्या गावांतून येणाऱ्या स्वाराच्या मनातले पंचांग फारसे बदलले नव्हते. दर आषाढात त्याची चाकरी थांबे. घरी शेत असे, भाऊबंद असत. दसऱ्याला घोड्याला आंब्याच्या पानांचे तोरण बांधून तो पुन्हा निघे.

म्हणजे बेकारी त्याला अनोळखी नव्हती. वर्षातले काही महिने ती त्याच्या घरी मुक्कामाला असायची आणि तिच्यासाठी या समाजाने पक्की सोय करून ठेवली होती. या सोयीचे नाव वतन.

चाकरी धन्याच्या मर्जीवर, वतन मात्र पिढीजात. पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी, देशपांडेपण, जोशीपण, बलुतेदारांची आपापली कामे, ही सारी वतने. सरदार बदलला, राज्य बदलले तरी पाटील पाटीलच राहतो, ही त्यामागची खात्री. मोठमोठ्या सरदारांनीही आपली गावाकडची क्षुल्लक वाटणारी पाटीलकी सोडली नाही. महादजी शिंद्यांसारखा दिल्लीच्या बादशहाला सांभाळणारा पुरुष स्वतःला ‘पाटील’ म्हणवून घेण्यात धन्यता मानी, त्याला आपण विनय म्हणतो. मला त्यात व्यवहारही दिसतो. तलवारीवर मिळालेले तलवारीवर जाऊ शकते, पाटीलकी जाणे अवघड.

याखेरीज एकत्र कुटुंबाची विभागणी होती. एक भाऊ शेतीवर, दुसरा पेशव्यांच्या हुजुरातीत, तिसरा शिंद्यांकडे किंवा होळकरांकडे. एक दार बंद झाले तर दुसरे उघडे. लढाईत स्वार पडला तर त्याच्या मुलांसाठी ‘बालपरवेशी’ म्हणून नेमणूक मिळण्याची प्रथा होती. या सगळ्याच्या मुळाशी असे एक कागद, म्हणजे सनद. घरातल्या पेटीत सोन्याच्या दागिन्यांच्या शेजारी ती ठेवलेली असे. १८१८ नंतर पुष्कळ घरांत दागिन्यांपेक्षा तिचीच किंमत जास्त ठरली.

आणखी एका प्रकारच्या तयारीविषयी बोलणे गैरसोयीचे आहे, पण टाळता येत नाही. काहींनी नव्या धन्याशी आधीच संधान बांधले होते. शनिवारवाड्यावर १७ नोव्हेंबर १८१७ रोजी इंग्रजांचे निशाण चढवण्याशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले ते बाळाजीपंत नातू हे त्यातले सर्वांत कुप्रसिद्ध उदाहरण. फितुरीला फितुरीच म्हटले पाहिजे. परंतु पुण्यात त्या काळी बाजीरावाच्या कारभाराकडे पाहून ‘हे फार दिवस चालत नाही’ असे मनाशी ठरवणारे नातू एकटेच नव्हते. मामलती मक्त्याने विकल्या जात होत्या, जुने सरदार दुखावले होते, पगार तुंबले होते. बुडणाऱ्या पेढीचा वास पेढीवरच्या कारकुनाला सर्वांत आधी येतो.

आता जाहीरनाम्याकडे वळू. २० फेब्रुवारीला आष्टीच्या लढाईत बापू गोखले पडले आणि छत्रपती प्रतापसिंह महाराज इंग्रजांच्या हाती आले. त्यानंतर बाजीरावाबरोबरची फौज झपाट्याने विरळ होऊ लागली. स्वार रात्री छावणीतून निघत आणि गावाची वाट धरीत. त्यांना भ्याड म्हणणे सोपे आहे. परंतु सेनापती पडला होता, पगाराची आशा नव्हती, दोन महिन्यांची मुदत धावत होती आणि घरचे वतन पणाला लागले होते. तरीही कित्येकजण अखेरपर्यंत राहिले. ३ जून १८१८ रोजी असीरगडाच्या परिसरात बाजीराव जॉन माल्कमच्या स्वाधीन झाला, तेव्हा त्याच्यासोबत अजून काही हजार माणसे होती.

त्या माणसांतल्या अरबांची हकीकत सांगण्याजोगी आहे. शरणागतीनंतर आठवड्याभरातच त्यांनी बाजीरावाच्या तंबूला वेढा घातला. मागणी एकच, थकलेला पगार. वाद होता तो पगार कोणत्या दिवसापासून मोजायचा याचा. त्रिंबकजी डेंगळ्याने चाकरीत घेतले त्या दिवसापासून, असे अरब म्हणत. माझ्या छावणीत आले त्या दिवसापासून, असे बाजीराव म्हणे. ज्याचे राज्य गेले, सैन्य गेले, तो पेशवा आपल्याच शिपायांच्या धरण्यात सापडला होता आणि त्याला सोडवायला इंग्रज सेनापती मध्ये पडला. माल्कमने मध्यस्थी केली, अरबांना पैसे मिळण्याची तजवीज झाली, वेढा उठला. मराठेशाहीच्या इतिहासातले हे एक अत्यंत केविलवाणे दृश्य असले तरी अरबांच्या बाजूने पाहिले तर त्यांनी आपला हिशेब चुकता करून घेतला. बहुसंख्य मराठी स्वारांना हे जमले नाही. ते घरी परतले तेव्हा त्यांची थकबाकी बुडाल्यातच जमा होती, कारण ती मागायची तरी कोणाकडे?

अरबांना या मुलखात वतन नव्हते, परतायला गाव नव्हते. म्हणून ते पगारासाठी शेवटपर्यंत झगडले. मालेगावच्या किल्ल्यातल्या अरबांनी तर मे-जून १८१८ मध्ये जवळजवळ महिनाभर इंग्रजांना झुंजवले. अशा भाडोत्री शिपायांना मुलखात मोकळे राहू द्यायचे नाही, शक्य तेथे अरबस्तानात परत पाठवायचे, असे कंपनीचे धोरण होते.

पेंढाऱ्यांचे प्रकरण आणखी निराळे. त्यांना पगारच नव्हता, लूट हाच मेहनताना. त्यांच्या म्होरक्यांपैकी अमीरखान वेळेवर तह करून टोंकचा नवाब झाला. करीमखानाला गोरखपूरकडे जमीन देऊन बसवण्यात आले. चितू कोणाच्याच आश्रयाला टिकला नाही आणि १८१९ मध्ये असीरगडाजवळच्या रानात वाघाने त्याला मारले.

पुन्हा दख्खनकडे येऊ. कंपनीने बाजीरावाच्या सरदारांचे काय केले? इथे दोन शब्द समजून घेणे अगत्याचे आहे. सरदाराच्या सरंजामाचे दोन भाग असत. एक ‘जात’ सरंजाम, म्हणजे त्याच्या स्वतःच्या इतमामासाठी. दुसरा ‘फौज’ सरंजाम, म्हणजे त्याने बाळगायच्या पथकाच्या खर्चासाठी. जे सरदार वेळेवर शरण आले त्यांच्या बाबतीत कंपनीने साधारणपणे जात सरंजाम चालू ठेवला आणि फौजेसाठीचा काढून घेतला. युक्तिवाद सरळ होता. आता लढाया नाहीत, मग फौज कशाला?

धनी आणि चाकर यांच्या वाट्याला काय आले ते या एका हिशेबात दिसते. सरदाराची पालखी, त्याचा वाडा, त्याचे मानपान बऱ्याच अंशी राहिले. पुण्यात ‘सरदारांचे एजंट’ नावाची स्वतंत्र कचेरी उघडली, १८२७ मध्ये सरदारांच्या तीन श्रेणी ठरल्या आणि कोणाला दिवाणी कोर्टात सामान्य माणसासारखे उभे करायचे नाही याचे नियम झाले. मात्र त्या सरदाराच्या पथकात जे स्वार होते त्यांचा पगार ज्या जमिनीतून निघत असे ती जमीनच गेली. त्यांच्यासाठी कोणतीही श्रेणी ठरली नाही. काही थोडे कंपनीच्या नव्या घोडदळात शिरले. तिथे पगार दरमहा आणि रोख होता, ही नवलाई होती. पण जागा मोजक्या होत्या.

बाकीचे गावी गेले. एल्फिन्स्टनचा कयास तोच होता. मराठी स्वार हा मुळात शेतकरी आहे, त्याला घरी जाऊ दिले आणि त्याच्या वतनाला हात लावला नाही तर तो बंड करणार नाही. हा कयास बराचसा खरा ठरला. राज्य बुडाल्यावर दख्खनमध्ये जो मोठा उठाव व्हावा असे आपल्याला आज वाटते तो झाला नाही, याचे एक कारण हे आहे. वतनाने माणसे सावरली, आणि वतनानेच ती गप्प बसवली.

मात्र त्या सोयीत एक खोट होती आणि ती १८२० नंतर उघडी पडली. गावाकडे परतणे ही सोय एका माणसासाठी, एका पथकासाठी, एका पावसाळ्यासाठी उत्तम होती. आता सगळ्यांनी एकाच वेळी तीच वाट धरली. फौजा होत्या तोवर धान्य, वैरण, घोंगड्या, चामडे, लोखंड यांना कायमचे गिऱ्हाईक होते. फौजा मोडल्या आणि ते गिऱ्हाईक नाहीसे झाले. उलट परतलेल्या हातांनी पडीक जमिनी लागवडीखाली आल्या, धान्य अधिक पिकू लागले. परिणामी भाव कोसळले. सरकारी सारा मात्र रोख पैशात द्यावा लागे आणि तो चढ्या भावांच्या काळाला साजेसा होता. पुढे प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के सारा ठरवण्याची पद्धत आणली. पुस्तकात सुबक दिसणारी ती आकारणी जमिनीवर इतकी जड गेली की शेतकरी गावे सोडून निघाले. अखेर १८३६ मध्ये इंदापूर तालुक्यापासून नवी, हलकी आकारणी सुरू करावी लागली.

इंदापूर भीमेच्या खोऱ्यात आहे, जिथली भीमथडीची तट्टे एकेकाळी अटकेपर्यंतच्या गप्पांत यायची. त्या तालुक्यातल्या परतलेल्या शिलेदाराच्या घरी १८३० च्या सुमारास काय असेल? घोडा बहुधा विकलेला, कारण दाणा परवडत नव्हता आणि घोड्याला काम नव्हते. शेत आहे, पण पिकाला भाव नाही. सावकार आहे. आणि दसरा दरवर्षी येतो. सोने लुटतात, शस्त्रे पुजतात. १८१८ च्या दसऱ्याला त्याला कोणी बोलावले नव्हते, त्यानंतरच्या एकाही दसऱ्याला बोलावणे आले नाही. सीमोल्लंघन ही गावच्या वेशीपर्यंत जाऊन परत येण्याची रीत होऊन बसली. आपण आजही ती तशीच पाळतो.

शिलेदाराला निदान शेत होते. ज्यांचे वतन आणि चाकरी हे दोन्ही एकाच ठिकाणी होते त्यांची अवस्था अधिक बिकट झाली. किल्ल्यांवरचे लोक यात येतात. रामोशी, कोळी, गडकरी यांची पिढीजात जबाबदारी गड राखण्याची आणि त्याबदल्यात गडाखालच्या जमिनी, हक्क, धान्य. कंपनीने एकामागून एक गड निकामी केले. तोफेने तट पाडणे हा एका दिवसाचा कार्यक्रम, पण त्या तटावरच्या पहाऱ्यावर कैक पिढ्या पोसल्या गेल्या होत्या.

पुरंदरच्या रामोशांचे हक्क तर बाजीरावाच्याच काळात काढले जाऊ लागले होते. १८१८ नंतर उरलेसुरले गेले. पुरंदरच्या पायथ्याजवळच्या भिवडीचे उमाजी नाईक याच समाजातले. १८२६ च्या सुमारास त्यांचा उठाव जोर धरू लागला. मध्यंतरी कंपनीने त्यांच्याशी तडजोड केली, चाकरी दिली, जमीन दिली, पण ते फार काळ टिकले नाही. १८३२ मध्ये उमाजींना पुण्यात फाशी झाली. त्यांच्या बंदोबस्तावर नेमलेल्या कॅप्टन मॅकिंटॉशने पुढच्याच वर्षी रामोशांवर पुस्तक प्रसिद्ध केले, आणि उमाजींविषयी जे आपल्याला ठाऊक आहे त्यातले बरेचसे त्या शत्रूच्या लेखणीतून आलेले आहे. आद्यक्रांतिकारक म्हणून उमाजींचा गौरव होतो, तो योग्यच आहे. त्यांच्यामागे गेलेल्या माणसांचे दुखणे काय होते, हेही सांगितले पाहिजे. पिढ्यान्‌पिढ्यांची रखवाली गेली होती आणि तिच्या जागी दुसरे काही आले नव्हते.

कोल्हापूर संस्थानात हीच गोष्ट १८४४ मध्ये घडली. गडकऱ्यांच्या जमिनींचा कारभार गडाकडून काढून मामलेदाराकडे देण्यात आला. गडकऱ्यांना त्याचा अर्थ कळायला वेळ लागला नाही. आज जमिनीचा हिशेब गेला, उद्या जमीन जाईल. सामानगड, भुदरगड पेटले. गंमत अशी की तो उठाव मोडायला जे अधिकारी आले त्यांत जेम्स आउट्रम होता. याच आउट्रमने १८२५ मध्ये खानदेशात भिल्लांची पलटण उभी केली होती. ज्यांच्याशी लढून थकलो त्यांनाच पगार देऊन शिपाई करावे, हा विचार तिथे यशस्वी झाला होता. म्हणजे उपाय कंपनीला माहीत नव्हता असे म्हणता येत नाही. (महारांच्या लष्करभरतीचा आणि ती बंद झाल्यावर उद्भवलेल्या अन्यायाचा विषय याला लागूनच आहे, पण तो स्वतंत्र धाग्याचा ऐवज आहे.)

कारकुनांचे त्या मानाने बरे निभावले. तलवारीला गिऱ्हाईक उरले नाही, पण मोडी लिहिणाऱ्या बोरूला होते. एल्फिन्स्टनने मामलती मक्त्याने देण्याची पद्धत बंद केली आणि पगारी मामलेदार नेमले. सारा, जमाबंदी, तंटे, सगळ्याला जमाखर्च जाणणारी माणसे हवी होती. हुजूर दफ्तरात आणि सरदारांच्या फडांवर शिकलेली विद्या नव्या कचेरीत जशीच्या तशी उपयोगी पडली. सगळ्यांना जागा मिळाल्या असे मात्र नाही. पुण्यासारख्या शहरात पेशव्यांच्या आणि सरदारांच्या खर्चावर विणकर, सराफ, कासार, गवई, शाहीर असे अनेक जगत होते. त्यांच्यातले ज्यांना जमले ते बडोदे, ग्वाल्हेर, इंदूर, सांगली अशा उरलेल्या दरबारांकडे वळले.

भिक्षुक आणि शास्त्री यांचे काय? श्रावणातील दक्षिणा हे त्यांच्यातल्या अनेकांचे वर्षाचे उत्पन्न. पेशव्यांच्या काळी लाखांत वाटली जाणारी ही दक्षिणा एल्फिन्स्टनने ५०,००० रुपयांवर आणली आणि तिचा ओघही हळूहळू वळवला. ६ ऑक्टोबर १८२१ रोजी विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. पुढे दक्षिणेचा पैसा मराठी ग्रंथांच्या बक्षिसांकडे आणि नव्या महाविद्यालयांतील शिष्यवृत्तीकडे गेला. महादेव गोविंद रानडे हे असेच एक ‘दक्षिणा फेलो’. पर्वतीच्या रमण्यात रांगेत उभ्या राहणाऱ्या याज्ञिकाला हा बदल कसा वाटला असेल, हा प्रश्न रानड्यांच्या चरित्रात येत नाही.

उरला तो स्वतः धनी. बाजीरावाला सालीना ८ लाख रुपये तहहयात मिळाले. माल्कमने एवढी रक्कम कबूल केली म्हणून गव्हर्नर-जनरल हेस्टिंग्ज नाराज होता. बाजीराव ब्रह्मावर्ताला, म्हणजे बिठूरला, जाऊन राहिला आणि २८ जानेवारी १८५१ पर्यंत जगला. साडेबत्तीस वर्षांत कंपनीला अडीच कोटींहून अधिक रुपये मोजावे लागले. त्या पैशावर तो एकटा जगला नाही. दख्खनमधून त्याच्या आश्रयाला गेलेल्यांची एक वसाहतच गंगाकाठी झाली. कर्जतजवळच्या वेणगावचे माधवराव नारायण भट तिथे गेले. त्यांचा मुलगा बाजीरावाने १८२७ मध्ये दत्तक घेतला, तेच नानासाहेब. येवल्याच्या पांडुरंगपंत टोप्यांचे कुटुंब गेले, त्यांचा मुलगा तात्या टोपे. बाजीरावाचे धाकटे बंधू चिमाजीअप्पा (वसईवाले ते निराळे) यांच्या पदरी काशीत मोरोपंत तांबे होते. चिमाजीअप्पांच्या पश्चात मोरोपंत बिठूरला आले. त्यांची मुलगी झाशीची राणी झाली.

ही तीनही घरे एका बुडालेल्या धन्याच्या पेन्शनीवर उभी होती. पेन्शन तहहयात होती, वंशपरंपरा नव्हती, आणि कागदावर हे स्पष्ट होते. १८५१ मध्ये ती बंद झाली. नानासाहेबांनी अर्ज केले, १८५३ मध्ये अजीमुल्लाखानाला लंडनला पाठवले, काही उपयोग झाला नाही. पुढचे आपण जाणता.

इकडे महाराष्ट्रातही तेच साल उलटत होते. १८४८ मध्ये सातारा संस्थान खालसा झाले आणि १८१८ नंतर तिथे आश्रय घेतलेल्यांची चाकरी दुसऱ्यांदा गेली. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले. तीस-पस्तीस वर्षे ज्या इनामावर घर चालले होते त्याची सनद दाखवा, असा तगादा सुरू झाला. आजोबांच्या वेळचे कागद कुठे वाळवीने खाल्लेले, कुठे भाऊबंदकीत हरवलेले. काही वर्षांतच सुमारे २०,००० इनामे जप्त झाली. एल्फिन्स्टनच्या जाहीरनाम्यावर विसंबून घरी परतलेल्यांची नातवंडे आता कमिशनसमोर उभी होती.

दावे तपासायचे तर पेशव्यांचे जुने कागद हवेत, म्हणून कंपनीने पुण्यातले दफ्तर नीट लावून घेतले. तैनात जाबते, हजेऱ्या, सनदांच्या नकला, जमाखर्च, सारे रुमालांत बांधून हारीने ठेवले गेले. गो. स. सरदेसायांनी १९३० नंतर त्यातून निवडक कागदांचे ४५ खंड काढले, आणि आज आपल्यापैकी कोणी पेशवाईवर दोन ओळी लिहितो त्या बहुधा याच रुमालांच्या जिवावर. ते इतिहासाच्या प्रेमापोटी जपले गेले नव्हते. कोणाचे उत्पन्न चालू ठेवायचे आणि कोणाचे बंद करायचे, हे ठरवायला जपले गेले होते.

शेवटी एका घराची हकीकत. बापू गोखल्यांच्या पदरी हरिपंत देशमुख नावाचे फडणीस होते. आष्टीला गोखले पडले आणि फडणिशी संपली. १८२३ मध्ये त्यांना मुलगा झाला, गोपाळ. तो इंग्रजी शिकला, सरदारांच्या एजंटच्या कचेरीत भाषांतरकार म्हणून लागला. १८४८ पासून ‘प्रभाकर’ पत्रात ‘लोकहितवादी’ या नावाने त्याने शतपत्रे लिहिली. गेलेल्या राज्याच्या आठवणीत आणि दक्षिणेच्या आशेत बसून राहिलेल्या आपल्याच ज्ञातिबांधवांना त्याने त्यांत कठोर शब्दांत झोडपले, व्यापार करा, कलाकौशल्य शिका, नव्या विद्या आत्मसात करा म्हणून विनवले. पुण्यात त्याबद्दल त्याला पुष्कळ शिव्या बसल्या.

१८५६ मध्ये सरकारने त्याला बढती दिली. नवे पद होते असिस्टंट इनाम कमिशनर. बापू गोखल्यांच्या फडणिसाचा मुलगा आता पेशव्यांनी दिलेल्या सनदा खऱ्या की खोट्या, हे तपासायला बसला.